पुन्हा यायचं, तर काय घेऊन?

जानेवारी २०२१मध्ये राज्यातल्या चौदा हजारांहून अधिक ग्रामपंचायतींची निवडणूक झाली होती. त्यांची मुदत यंदा संपली. या वेळी सरपंच सदस्यांमधून नव्हे, थेट लोकांतून निवडायचा आहे. म्हणजे गावापुरती ही अध्यक्षीय निवडणूकच. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरपासून श्रीरामपूरपर्यंतच्या पट्ट्यात माजी झालेले कारभारी पुन्हा कामाला लागले आहेत आणि त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न आहे, बॅनरवर काय लिहायचं?

नव्या उमेदवाराचं सोपं असतं. २०१४ साली भाजपला ‘कुठे नेऊन ठेवलाय महाराष्ट्र माझा?’ एवढा एक सवाल पुरला होता. खुर्चीवर बसून आलेल्याला सवाल विचारता येत नाही, त्याला उत्तर द्यावं लागतं. आपल्याकडच्या पिढीजात घोषणा इथे फारशा उपयोगी पडत नाहीत. ‘ताई, माई, अक्का, विचार करा पक्का’ ही कुणाच्याही नावापुढे बसते. मतपत्रिका जाऊन यंत्र आलं, तरी तिच्या शेवटचा ‘मारा शिक्का’ अजून रिक्षाच्या भोंग्यावर ऐकू येतो. ‘कोण म्हणतो येणार नाही, आल्याशिवाय राहणार नाही’ यात जिद्द आहे, पण ती उमेदवाराची. पाच वर्षांत मतदाराच्या दारात काय आलं, याचा त्यात पत्ता नाही.

माझ्या मते फेरनिवडणुकीच्या घोषणेचं सगळं मर्म इथेच आहे. ती उमेदवाराबद्दल बोलते की मतदाराच्या घराबद्दल?

‘मी पुन्हा येईन’ घ्या. २०१९च्या पावसाळी अधिवेशनात देवेंद्र फडणवीस हे बोलले आणि शब्द महाराष्ट्रभर झाले. त्यानंतरच्या विधानसभा निवडणुकीत भाजपला १०५ आणि शिवसेनेला ५६ जागा मिळून युतीला बहुमतही मिळालं. तरी २३ नोव्हेंबरच्या पहाटे शपथ घेतलेलं फडणवीसांचं सरकार तीन दिवसांत आटोपलं आणि २८ तारखेला उद्धव ठाकरे मुख्यमंत्री झाले. पुढे कितीतरी दिवस ते तीन शब्द विरोधकांनीच जास्त वापरले. फडणवीस मुख्यमंत्री म्हणून खरोखर परत आले ते ५ डिसेंबर २०२४ रोजी. त्याआधीच्या प्रचारात मात्र ‘मी’ मागे पडला होता आणि बहिणीच्या खात्यात जमा होणारे दीड हजार रुपये पुढे आले होते. त्या निवडणुकीत भाजपने एकट्याने १३२ जागा जिंकल्या. त्याला आणखीही कारणं होती, पण गावागावात बायका बोलत होत्या त्या खात्यावर आलेल्या पैशांबद्दल.

अमेरिकेत हेच १९०० साली झालं. विल्यम मॅकिन्ली दुसऱ्यांदा अध्यक्षपदाला उभे राहिले, तेव्हा त्यांच्या पक्षाने कामगाराचा जेवणाचा डबा पुढे केला: भरलेल्या डब्याची आणखी चार वर्षं. मॅकिन्ली जिंकले. उलट वुड्रो विल्सन यांनी १९१६मध्ये ‘यांनी आपल्याला युद्धापासून दूर ठेवलं’ या घोषणेवर मतं घेतली आणि मतदानानंतर पाच महिन्यांत, एप्रिल १९१७मध्ये, अमेरिका युद्धात उतरली. झालेल्या गोष्टीचा दाखला आणि होणाऱ्या गोष्टीची हमी यांत फरक असतो. तिथल्या मतदाराने दाखला हमी म्हणून वाचला.

या साऱ्या इतिहासात मला सर्वांत विलक्षण वाटतो तो सॅन फ्रान्सिस्कोचा जाहिरातकार हॅल रायनी. १९८४मध्ये रोनाल्ड रेगन यांच्या फेरनिवडणुकीसाठी त्याने एक मिनिटाची जाहिरात लिहिली आणि स्वतःच्याच खर्जातल्या आवाजात वाचली. अमेरिकेत पुन्हा सकाळ झाली आहे, असं तो शांतपणे सांगतो. पडद्यावर माणसं कामाला निघतात, एक कुटुंब नव्या घरात राहायला जातं, एक लग्न लागतं. रायनी व्याजदर खाली आल्याचं सांगतो आणि लगेच त्याचा अर्थ घरापर्यंत आणतो: आज किती कुटुंबं नवं घर घेतील, किती तरुण-तरुणी लग्न करतील. रेगन भाषण करताना कुठेच दिसत नाहीत. शेवटी प्रश्न एवढाच, चार वर्षांपूर्वी होतो तिथे परत कशाला जायचं? त्या जाहिरातीमुळेच रेगन जिंकले, असं मी म्हणणार नाही. अर्थव्यवस्था खरंच सावरली होती. पण लोकांना जे घरी जाणवत होतं, त्याला रायनीने शब्द दिले. रेगन यांनी पन्नासपैकी एकोणपन्नास राज्यं जिंकली.

वीस वर्षांनी आपल्याकडे वाजपेयी सरकारचं ‘इंडिया शायनिंग’ आलं. जाहिरात तितकीच देखणी होती, पण ती ज्या सकाळबद्दल बोलत होती, ती नगर जिल्ह्यातल्या दुष्काळी गावांत उगवलीच नव्हती. बेलापूर तेव्हा कोपरगाव लोकसभा मतदारसंघात होतं. वाजपेयींच्या मंत्रिमंडळात राहिलेले बाळासाहेब विखे पाटील २००४मध्ये याच मतदारसंघातून काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले.

आकड्याची घोषणा तर त्याहून धोक्याची. २०२४च्या लोकसभेत ‘अबकी बार ४०० पार’ म्हटलं गेलं. एवढ्या जागा कशाला हव्यात, हा विरोधकांचा प्रश्न ‘संविधान बदलायला’ या उत्तरासह वस्त्यावस्त्यांत पोहोचला. भाजप २४०वर थांबला. महाराष्ट्रात ४८पैकी १७ जागाच महायुतीकडे आल्या. राखीव असलेल्या शिर्डी मतदारसंघात दोन वेळचे खासदार सदाशिव लोखंडे यांना भाऊसाहेब वाकचौरे यांनी हरवलं.

श्रीरामपूर विधानसभेचा मतदारही विद्यमान आमदाराला दर वेळी परत पाठवत नाही. भाऊसाहेब कांबळे २००९ आणि २०१४मध्ये जिंकले, २०१९मध्ये पक्ष बदलून उभे राहिले आणि पडले. त्यांना हरवणारे, स्वतः कवी असलेले लहू कानडे २०२४मध्ये दुसऱ्या पक्षाकडून लढले. तेही पडले आणि काँग्रेसचे हेमंत ओगले आले. कांबळे आणि कानडे या दोघांच्या बाबतीत मला एक गोष्ट लक्षणीय वाटते. ज्या चिन्हावर काम केल्याचं सांगायचं, ते चिन्हच हातात राहिलं नव्हतं.

या भागातल्या प्रचारात काही मागण्या पिढ्यान्‌पिढ्या येत राहिल्या आहेत. हरेगावच्या बेलापूर कंपनीच्या मळ्यांत गेलेल्या जमिनी. जमिनी खंडाने दिलेल्या शेतकऱ्यांचा, म्हणजे खंडकऱ्यांचा, हक्क. बेलापूर-परळी रेल्वे. श्रीरामपूर जिल्हा. खंडकऱ्यांना जमिनी मिळू लागल्या त्या अनेक निवडणुका उलटून गेल्यावर. जिल्ह्याचं नाव बदलून अहिल्यानगर झालं, विभाजन मात्र जिथल्या तिथे आहे. इतकी वर्षं तीच आश्वासनं ऐकलेल्या माणसाला ‘विकासाचा ध्यास’ असं लिहिलेला बॅनर दाखवणं मला त्याच्या संयमाचा अपमान वाटतो.

सरपंचाचं या आश्वासनांसारखं नसतं. त्याच्या हातातलं काम मोजण्यासारखं असतं. नळाला पाणी किती दिवसांआड येतं, गटार कुठपर्यंत गेलं, वित्त आयोगाचा निधी किती आला आणि कशावर खर्ची पडला, हे सगळं ग्रामपंचायतीच्या दप्तरात आहे. कायद्याने वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. पुन्हा उभं राहणाऱ्याने पाच वर्षांत किमान वीस ग्रामसभा झाल्या का आणि कोरमअभावी किती तहकूब झाल्या, ते लिहावं. पाणीपट्टी किती थकली आणि ती वसूल का झाली नाही, तेही लिहावं. त्याच्या फोटोइतक्याच मोठ्या अक्षरात, वेशीवरच्या बॅनरवर, प्रचार सुरू व्हायच्या आधी.