डिस्प्ले गेला म्हणजे नेमके काय गेले?

जुन्या लॅपटॉपची स्क्रीन एक दिवस अंधारते. बटण दाबले की दिवे लागतात, पंखा फिरतो, कधी विंडोज सुरू झाल्याचा आवाजही येतो, पण समोर काळोख असतो. किंवा अक्षरे इतकी मंद दिसतात की खिडकी लावून, डोळे ताणून वाचावी लागतात. अशा वेळी घरात आणि दुकानात एकच वाक्य ऐकू येते: डिस्प्ले गेला. त्यापाठोपाठ नवे पॅनेल टाकण्याचा खर्च सांगितला जातो, आणि लॅपटॉप सात-आठ वर्षांचा असेल तर तो आकडा ऐकूनच यंत्र मोडीत काढायचे ठरते. हा निर्णय घाईचा असतो असे माझे ठाम मत आहे. ज्याला आपण डिस्प्ले म्हणतो त्यात चित्र घडवणारा थर, त्याला उजेड पुरवणारी व्यवस्था, या दोघांना मदरबोर्डशी जोडणारी केबल आणि सगळ्यांवर हुकूम चालवणारे सॉफ्टवेअर अशा चार वेगवेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतली कोणती थांबली हे कळण्याआधी पैसे खर्चू नयेत, आणि ते बरेचसे घरबसल्या, एकही स्क्रू न काढता कळू शकते.

मूळ मुद्दा उजेडाचा आहे. एलसीडी पडद्यातले द्रवस्फटिक स्वतः प्रकाशत नाहीत. विजेच्या दाबानुसार ते मागून येणारा प्रकाश अडवतात किंवा पुढे सोडतात आणि लाल, हिरव्या, निळ्या गाळण्यांतून त्याला रंग मिळतो. या गाळण्या आणि ध्रुवक इतका प्रकाश शोषतात की मागच्या दिव्याचा जेमतेम ५ ते १० टक्के उजेड आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचतो. म्हणून मागचा दिवा (बॅकलाइट) विझला तर चित्र नीट तयार होत असूनही दिसत नाही. (ओएलईडी पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे त्याला हे लागू नाही, पण जुन्या लॅपटॉपमध्ये तो क्वचितच असतो.) सुमारे २००९-१० पर्यंतच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये हा दिवा म्हणजे पडद्याच्या खालच्या कडेला बसवलेली, दोन-तीन मिलिमीटर जाडीची सीसीएफएल नळी असे. सोनीने २००५ मध्ये व्हायो टीएक्स मालिकेत आणि ॲपलने २००७ मध्ये १५ इंची मॅकबुक प्रोमध्ये तिच्या जागी एलईडी आणले आणि पुढच्या तीन-चार वर्षांत नळी मागे पडली. नळी पेटती ठेवायला काही शे व्होल्टचा उलटसुलट प्रवाह लागतो, पेटताना त्याहून जास्त. बॅटरी किंवा ॲडॅप्टर देतो १० ते २० व्होल्टचा एकदिश प्रवाह. ही तफावत भरून काढायला पडद्याच्या खालच्या चौकटीत एक अरुंद सर्किट बसवलेले असते, त्याला इन्व्हर्टर म्हणतात; वीज गेल्यावर घरातला पंखा चालवणाऱ्या इन्व्हर्टरचेच ते धाकटे भावंड. एलईडी पडद्याला इतका दाब लागत नाही, म्हणून त्यात हा इन्व्हर्टर नसतो.

एवढे समजले की सर्वांत उपयोगी चाचणीचा अर्थ आपोआप लागतो. खोली अंधारी करावी, लॅपटॉप चालू करून दोन-तीन मिनिटे थांबावे, आणि मोबाइलचा टॉर्च पडद्याच्या अगदी जवळ तिरका धरून सावकाश फिरवावा. टॉर्चचा प्रकाश द्रवस्फटिकांच्या थरातून आत शिरतो, मागच्या पांढऱ्या परावर्तक थरावर आदळून परत येतो आणि विझलेल्या दिव्याचे काम तेवढ्यापुरते भागवतो. पासवर्डची चौकट, एखादा आयकॉन किंवा माऊसचा बाण पुसटसा जरी दिसला तरी फार मोठी गोष्ट कळली: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स चिप, चित्राचा संकेत नेणाऱ्या तारा आणि द्रवस्फटिकांचा थर हे सगळे ठीक आहे. बिघाड फक्त उजेडाच्या वाटेवर आहे. याच्या उलट, पडदा राखाडी किंवा पांढरा उजळतो पण त्यावर काहीच उमटत नाही, असे असेल तर उजेड शाबूत आहे आणि चित्राचा संकेत तुटला आहे. टॉर्च मारूनही काही दिसले नाही तर मात्र लगेच निष्कर्ष काढू नये. चकाकी न येणाऱ्या खरखरीत पडद्यावर पुसट चित्र सहज निसटते, आणि लॅपटॉप झोपेच्या अवस्थेत गेला असेल तर तिथे दिसण्यासारखे काही नसतेच.

मग दुसरी चाचणी करावी: बाहेरचा मॉनिटर किंवा घरातला टीव्ही जोडणे. जुन्या लॅपटॉपला व्हीजीए किंवा एचडीएमआय यांपैकी एक जागा बहुधा असतेच. केबल जोडून विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबले की चित्र कुठे दाखवायचे याचे पर्याय येतात. टीव्हीवर चित्र स्वच्छ आले तर मदरबोर्ड आणि ग्राफिक्स बहुतांशी निर्दोष ठरतात. तिथेही काही आले नाही, कॅप्स लॉकचा दिवा दाबूनही बदलत नाही किंवा ठरावीक अंतराने बीप ऐकू येतात, तर दोष पडद्यात नसून आत खोलवर आहे, आणि नवे पॅनेल टाकून तो जाणार नाही. तरी आशा सोडण्याआधी ॲडॅप्टर आणि निघत असेल तर बॅटरी काढून पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे आणि मग फक्त ॲडॅप्टरवर पुन्हा सुरू करून पाहावे. साठून राहिलेल्या विद्युतभारामुळे अडकलेले यंत्र कधी कधी एवढ्यानेच जागे होते. विंडोजची कळ आणि पी दाबल्यावर येणाऱ्या पर्यायांत एक साधी चूकही लपलेली असते. पूर्वी कधी प्रोजेक्टर जोडताना ‘फक्त दुसरी स्क्रीन’ निवडलेले असते आणि लॅपटॉप इमानाने स्वतःचा पडदा बंद ठेवतो.

पडदा पूर्ण काळा नसून नुसता मंद असेल तर आधी सॉफ्टवेअरकडे पाहावे, कारण तिथली दुरुस्ती फुकट असते. चार्जर काढताच उजेड उतरत असेल तर ती बहुधा वीज वाचवण्याची सेटिंग असते. भोवतालच्या प्रकाशाप्रमाणे उजेड कमीजास्त करणारी सोयही असाच गोंधळ घालते. त्याहून अवघड प्रकार ड्रायव्हरचा. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० चढवले आणि ग्राफिक्स चिप बनवणाऱ्या कंपनीने त्या चिपसाठी नवा ड्रायव्हर काढलाच नसेल, तर विंडोज आपला सर्वसाधारण ड्रायव्हर वापरते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये तिथे ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले ॲडॅप्टर’ असे दिसते आणि उजेड कमीजास्त करण्याची पट्टी नाहीशी होते किंवा सरकवूनही काही बदलत नाही. लिनक्स वापरणाऱ्यांनाही हा अनुभव येतो आणि कर्नलला ‘एसीपीआय बॅकलाइट’चा वेगळा पर्याय देऊन तो अनेकदा सुटतो. हे सॉफ्टवेअरचे की यंत्राचे, हे ओळखायला चांगली जागा म्हणजे बायोस. लॅपटॉप सुरू होताना एफ-२, एफ-१०, डिलीट किंवा एस्केप यांपैकी त्या कंपनीने ठरवलेली कळ दाबली की विंडोजच्या आधीचा हा पडदा उघडतो. तिथे उजेड लख्ख आणि विंडोजमध्ये मंद, तर दोष विंडोजच्या बाजूचा. तिथेही मंदच असेल तर संशय यंत्राकडे वळतो, मात्र काही लॅपटॉप उजेडाची शेवटची पातळी बायोसमध्येही तशीच ठेवतात, म्हणून एफएन आणि सूर्याचे चिन्ह असलेली कळ दाबून पाहावी.

यंत्राकडे वळल्यावर माझा तर्क असा आहे: जे हलते, तापते किंवा झिजते ते आधी बिघडते. द्रवस्फटिकांचा थर काचेत बंद असतो. मार बसला नाही, पाणी शिरले नाही तर त्याला झिजण्याचे कारण नसते. याउलट पडद्याची केबल बिजागरीतून जाते आणि झाकण उघडताना-मिटताना दर वेळी वाकते. झाकण एका ठरावीक कोनात आणल्यावर स्क्रीन लागते, थोडे पुढे ढकलले की विझते, असे होत असेल तर केबलवरचा संशय जवळपास पक्का समजावा. याचे गाजलेले उदाहरण २०१६ च्या मॅकबुक प्रोचे. काही लॅपटॉपमध्ये बॅकलाइटची चपटी केबल उघडझाप करताना घासून तुटत होती. आधी पडद्याच्या खालच्या कडेला उजेड-अंधाराचे पट्टे दिसत आणि पुढे ठरावीक कोनापलीकडे पडदा काळा होई. २०१९ च्या जानेवारीत दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट या संकेतस्थळाने यावर लिहिले आणि २०१८ च्या मॉडेलमध्ये ही केबल २ मिलिमीटरने लांब असल्याचे दाखवून दिले. त्याच वर्षी मे महिन्यात ॲपलने १३ इंची मॉडेलसाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर केली. महागड्या पडद्यांना अंधारात ढकलणारी वस्तू म्हणजे एक अपुऱ्या लांबीची केबल होती.

नळी आणि इन्व्हर्टर यांची लक्षणेही वेगळी ओळखता येतात. म्हातारी झालेली सीसीएफएल नळी सुरू होताना गुलाबी-लालसर उजळते, पांढरी व्हायला वेळ घेते आणि उजेड दिवसेंदिवस उतरत जातो. अशा नळीचा उजेड निम्म्यावर येण्याचा काळ उत्पादक १०,००० ते १५,००० तासांच्या आसपास धरत. रोज आठ तास आणि वर्षाला तीनशे दिवस वापर असेल तर हा हिशेब चार ते सहा वर्षांचा होतो. आज चालू असलेला नळीचा पडदा मंद वाटत असेल तर ते वयोमानानुसारच आहे. पडदा लख्ख लागून दोन-चार सेकंदांत विझत असेल, तर इन्व्हर्टर किंवा नळीतला दोष ओळखून संरक्षक सर्किट पुरवठा तोडत असण्याची शक्यता मोठी. आणखी एक लहानसा भाग फार फसवतो: झाकण मिटल्याचे ओळखणारा स्विच. जुन्या लॅपटॉपमध्ये तो बिजागरीजवळचा छोटा खटका असे आणि धूळ साचून दाबलेल्या अवस्थेत अडकत असे. नंतरच्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा चुंबकावर चालणाऱ्या सेन्सरने घेतली. मोबाइलच्या कव्हरचे किंवा हातातल्या पट्ट्याचे चुंबक त्याच्याजवळ आले तरी झाकण मिटले असे समजून तो पडदा विझवतो. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवून काम करताना वरच्याचा पडदा काळा पडतो तोही बहुधा यामुळेच.

यावर दुरुस्ती करणाऱ्यांचा एक आक्षेप असतो आणि त्यात तथ्य आहे. पॅनेल उघडून नळी बदलणे नाजूक काम आहे. आतल्या प्रकाश पसरवणाऱ्या थरांत धुळीचा कण शिरला तरी डाग कायमचा दिसतो. त्यात जाणारा वेळ धरला तर अख्खे पॅनेल बदलून हमी देणे दुकानदाराला परवडते. नळीपुरते मी हे मान्य करतो. पण केबल, इन्व्हर्टर किंवा झाकणाचा स्विच बदलायला पॅनेल फोडावे लागत नाही, आणि ड्रायव्हरसाठी तर लॅपटॉपही उघडावा लागत नाही. मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा पुण्याची तपकीर गल्ली अशा बाजारांत सुटे भाग शोधणारी माणसे याच फरकावर पैसे वाचवतात. म्हणून दुकानात जाताना ‘डिस्प्ले गेला’ असे न सांगता ‘टॉर्च मारल्यावर चित्र दिसते, टीव्हीवर स्वच्छ येते, बायोसमध्येही अंधारच आहे’ असे सांगावे. काम जाणणारा माणूस मग केबलपासून सुरुवात करतो, आणि जो हे ऐकूनही थेट पॅनेलची किंमत सांगतो त्याला कारण विचारायचा आपल्याला अधिकार आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा. सामान्य माणसाने यात हात घालावा का? वर सांगितलेल्या चाचण्यांत कुठेच लॅपटॉप उघडायचा नाही, आणि तीच मर्यादा पाळावी असे मी आग्रहाने सांगेन. चालू इन्व्हर्टरला बोट लागले तर जोराचा झटका बसतो आणि त्वचा भाजू शकते. नळीत थोडा पारा असतो, त्यामुळे ती घरच्या कचऱ्यात न टाकता ई-कचरा संकलनात द्यावी. पॅनेल बदलण्याची वेळ आलीच तर बॅटरी काढल्यावर किंवा आतली बॅटरी मदरबोर्डपासून सोडवल्यावरच कनेक्टरला हात लावायचा असतो. बॅटरी जोडलेली असताना कनेक्टर तिरका बसला की मदरबोर्डवरचा बॅकलाइटचा बारीक फ्यूज उडतो, आणि नवा पडदाही जुन्यासारखाच अंधारात राहतो. पॅनेल मागवताना पडद्याच्या पाठीमागच्या लेबलवरचा पूर्ण क्रमांक जुळवावा. १५.६ इंचांचे दोन पडदे बाहेरून सारखे दिसतात, पण एकाला ३० पिनांचा कनेक्टर असतो आणि दुसऱ्याला ४० पिनांचा, आणि ते एकमेकांच्या जागी चालत नाहीत.

राहिला प्रश्न इतक्या जुन्या यंत्रावर वेळ घालवण्याचा. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वसाधारणपणे संपला, त्यामुळे हा प्रश्न आता जास्त जणांच्या मनात येईल. मदरबोर्ड गेला असेल तर मीही तिथे थांबेन. पण फक्त उजेड गेलेला लॅपटॉप हिशेब करतो, फाइली उघडतो, इंटरनेटला जोडतो. लिनक्स घालून जुना मॉनिटर जोडला की मुलांच्या अभ्यासाला किंवा दुकानाच्या बिलांना तो पुरतो. आणि तो टाकायचाच ठरले तरी आधी टीव्हीला जोडून त्यातले फोटो, कागदपत्रे, हिशेब बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्यावेत. पडदा काळा आहे म्हणून हार्ड डिस्कसकट भंगारात दिलेल्या लॅपटॉपमध्ये घरातल्या माणसांची सगळी माहिती जशीच्या तशी, वाचता येईल अशा स्थितीत असते.