रुळांचा सांधा आणि प्रवाशांची सुरक्षितता

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे अशी भारतातील पहिली प्रवासी आगगाडी धावली. आज ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील लक्षावधी प्रवाशांचा भार वाहणाऱ्या या लोहमार्गाचे सर्वांत नाजूक स्थान म्हणजे रुळांचा सांधा होय.

पोलाद उष्णतेने प्रसरण पावते. तापमान ४० अंशांनी वाढल्यास १३ मीटर लांबीचा रूळ सुमारे ६ मिलिमीटर वाढतो. म्हणून पूर्वी दोन रुळांमध्ये फट ठेवून, दोन्ही बाजूंस फिशप्लेट लावून बोल्ट आवळीत. परंतु चाकांच्या आघाताने रुळांची टोके झिजत व बोल्ट सैल होत. त्यामुळे आता थर्मिट पद्धतीने ॲल्युमिनियम व लोहाच्या ऑक्साइडपासून मिळणारा वितळलेला रस फटीत ओतून रूळ अखंड जोडतात. त्यांचे प्रसरण स्लीपर व खडी रोखून धरतात. थंडीत मात्र रुळावर ताण येऊन सदोष जोडास तडा जाण्याचा संभव असतो. म्हणून तेव्हा गस्तीस विशेष महत्त्व असते.

कल्याणच्या पुढे लोहमार्गालगत असलेल्या गावांतील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी दोन गोष्टी लोकांच्या मनावर बिंबवाव्यात : रुळाखालची खडी काढू नये आणि तडा आढळल्यास जवळच्या स्थानकास तत्काळ कळवावे.