ट्रॉलीचा दिवा पेटत नाही? आधी अर्थ पाहा



गळीत हंगामात ऊस रात्रीही येतो. भरलेली ट्रॉली टायर फुटून रस्त्यात उभी राहिली आणि मागचा तांबडा दिवा बंद असला, तर मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला ती दिसेपर्यंत ब्रेक मारायला जागाच उरत नाही.

दिवा गेला की आपण बल्ब बदलतो. बल्ब बिचारा पुष्कळदा चांगलाच असतो! खोड असते अर्थची. वळणाचा दिवा लावताच मागचे दुसरे दिवेही मिणमिणू लागले, तर अर्थ सैल झाली असं समजावं. जोडाच्या खिळीतून अर्थ मिळेल या भरवशावर राहू नये; तिथं ग्रीस आणि गंज. बॅटरीच्या निगेटिव्हपासून एक सुटी वायर घ्यावी, ट्रॉलीच्या लोखंडावरचा रंग खरवडून तिथं टेकवावी. दिवे लख्ख झाले की दोष सापडला. मग सात पिनांच्या सॉकेटातली अर्थची पिन आणि चासीवरचा नट पॉलिश पेपरनं घासावा, नट घट्ट आवळावा, वर थोडं व्हॅसलीन लावावं.

दोन ट्रॉल्या असतील तर मधला जोडही असाच तपासावा. मागच्याला दिसते ती शेवटचीच ट्रॉली. आणि भरताना मोळ्यांची टोकं दिव्यावर लोंबू देऊ नयेत.