आडनाव थोरलीचे

मूकपटांच्या इतिहासात मेरी पिकफर्डवर प्रकरणेच्या प्रकरणे सापडतात. तिची धाकटी बहीण लॉटी बहुधा तळटीपेत भेटते. तीही चार लग्ने, दारू आणि रात्रभर चालणाऱ्या मेजवान्या यांच्यापुरतीच. या तपशिलांपेक्षा मला तिच्या आडनावाची गोष्ट अधिक बोलकी वाटते.

लॉटी मूळची शार्लट स्मिथ. जन्म १८९३, टोरांटो. वडील १८९८ साली वारले. आई शिवणकाम करी, घरातली खोली भाड्याने देई. नाटक कंपनीतल्या एका भाडेकरूमुळे ग्लॅडिस आणि लॉटी या दोघी बहिणी रंगमंचावर आल्या. मग धाकट्या जॅकसह सारे कुटुंबच गावोगावच्या दौऱ्यांवर निघाले. मुलांच्या कमाईवर घर चालू लागले, आणि अशा घरात जिची मागणी अधिक तिच्याभोवती सगळ्यांचे दिवस फिरतात. १९०७ साली निर्माते डेव्हिड बेलास्को यांच्या नाटकात ग्लॅडिसची ‘मेरी पिकफर्ड’ झाली. पिकफर्ड हे नाव आजोळकडचे. पण ते मेरीचे झाले, म्हणून आई, लॉटी, जॅक सगळेच पिकफर्ड झाले.

१९०९ मध्ये बायोग्राफ कंपनीत रोजचा दर पाच डॉलर असताना मेरीने दहा मागितले आणि मिळवले. भावंडांनाही तिनेच तिथे काम मिळवून दिले. यात मेरीचा दुष्टावा शोधणे अन्यायाचे होईल. तिने दार उघडले, पण त्यावर पाटी तिचीच होती. १९१५ ची ‘द डायमंड फ्रॉम द स्काय’ ही ३० भागांची चित्रमालिका लॉटीची सर्वांत मोठी संधी. ती भूमिकाही आधी मेरीला देऊ केलेली. तिने नाकारली, तेव्हा पिकफर्ड आडनावाची दुसरी मुलगी चालली. पुढच्याच वर्षी मेरीने आठवड्याला दहा हजार डॉलरचा करार केला.

मालिकेच्या काळातच लॉटी गरोदर होती. मुलीचे नाव तिने मेरी ठेवले. पुढे आजीने नातीला कायदेशीर दत्तक घेतले, आणि ती मेरीची ग्विन झाली. घरात मेरी एकच राहिली.

लॉटीचे शेवटचे दोन चित्रपट १९२४ आणि १९२५ चे. पहिल्यात नायिका बहीण, दुसऱ्यात नायक मेहुणा डग्लस फेअरबँक्स. डिसेंबर १९३६ मध्ये हृदयविकाराने ती गेली, तेव्हा ती ४३ वर्षांची होती.