जागल्याचा वकील : देवासचे औषध आणि धारची बदली

आपल्या खात्यात, कार्यालयात किंवा कारखान्यात चाललेला गैरव्यवहार आतून पाहणारा आणि लोकहितासाठी तो बाहेर आणणारा मनुष्य म्हणजे व्हिसलब्लोअर, ज्याला मराठी वृत्तपत्रे जागल्या म्हणतात. या माणसाच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिले जाते. परंतु त्याच्या बाजूने उभा राहणारा वकील नेमके काय करतो, कोणते कायदे त्याच्या हाताशी असतात आणि कोणते नसतात, याची माहिती सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचते. पवारांच्या संस्थानांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले माळव्यातील धार आणि देवास हे दोन जिल्हे हा व्यवसाय समजून घेण्यास विशेष उपयोगी आहेत. देवासच्या एका औषध कारखान्यातील दोषांबद्दल पैसे भरावे लागले ते अमेरिकेतील एका न्यायालयात, आणि राज्य हादरवणाऱ्या परीक्षा घोटाळ्याविरुद्ध बोलणाऱ्या एका डॉक्टरच्या हाती पडला तो धारला बदलीचा आदेश. या दोन शेवटांतील अंतर बऱ्याच अंशी कायद्याचे आहे.

देवासचे प्रकरण रॅनबॅक्सी या एकेकाळच्या अग्रगण्य भारतीय औषध कंपनीचे आहे. दिनेश ठाकूर हे अभियंते २००३ मध्ये या कंपनीत रुजू झाले आणि २००४ मध्ये वरिष्ठांच्या सांगण्यावरून कंपनीने वेगवेगळ्या देशांच्या औषध नियंत्रकांना सादर केलेली माहिती तपासू लागले, तेव्हा त्यांना असे दिसून आले की औषधांच्या चाचण्यांचे अनेक आकडे प्रत्यक्ष चाचणीवाचूनच भरले गेले होते. त्या तपासणीचा अहवाल संचालक मंडळाच्या समितीपुढे गेला, पण त्यातून काही निष्पन्न झाले नाही. ठाकूर यांनी एप्रिल २००५ मध्ये राजीनामा दिला आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला टोपणनावाने पत्रे पाठवण्यास सुरुवात केली. या प्रशासनाने सप्टेंबर २००८ मध्ये हिमाचल प्रदेशातील पांवटा साहिब आणि मध्य प्रदेशातील देवास येथील कारखान्यांत बनलेल्या तीसहून अधिक औषधांच्या आयातीवर बंदी घातली. पुढे १३ मे २०१३ रोजी कंपनीच्या अमेरिकी शाखेने फौजदारी गुन्ह्यांची कबुली दिली आणि एकूण ५० कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले. त्यांपैकी १५ कोटी फौजदारी दंड व जप्तीचे होते आणि ३५ कोटी दिवाणी दाव्यांच्या तडजोडीचे. देवास येथील २००६ आणि २००८ च्या तपासण्यांत चाचण्यांच्या नोंदी अपुऱ्या आढळल्या होत्या आणि औषध मुदतीपर्यंत टिकते की नाही हे पाहण्याची व्यवस्था सदोष होती, हेही त्या वेळी कंपनीने मान्य केले.

या प्रकरणात ठाकूर यांचे वकील होते वॉशिंग्टन येथील अँड्र्यू बिएटो. त्यांच्या कामगिरीचा गाभा एका कायदेशीर रूपांतरात होता. औषधाची चाचणी खोटी होती, ही गोष्ट गुणवत्तेची झाली. परंतु तेच औषध सरकारी आरोग्य योजनांच्या पैशातून खरेदी झाले असेल, तर ती सरकारी तिजोरीची फसवणूक ठरते. अशा फसवणुकीसाठी अमेरिकेत १८६३ पासून, म्हणजे लिंकन यांच्या काळातील यादवी युद्धापासून, खोट्या दाव्यांविरुद्धचा एक कायदा आहे. त्या युद्धात सैन्याला निकृष्ट माल पुरवणाऱ्या ठेकेदारांना आळा घालण्यासाठी तो झाला आणि १९८६ मध्ये त्याला नवे बळ मिळाले. या कायद्यानुसार कोणीही नागरिक सरकारच्या वतीने दावा लावू शकतो, नुकसानीच्या तिपटीपर्यंत भरपाई मागता येते, आणि सरकार दाव्यात सहभागी झाल्यास वसुलीचा १५ ते २५ टक्के भाग माहिती देणाऱ्याला मिळतो. दावा सुरुवातीला मोहोरबंद असतो. म्हणजे सरकारी तपास चालू असेपर्यंत त्याचे अस्तित्वच प्रतिपक्षाला आणि जनतेला कळू दिले जात नाही. ठाकूर यांचा दावा २००७ मध्ये मेरीलँडच्या संघीय न्यायालयात दाखल झाला आणि सहा वर्षांनी उघड झाला. त्यांच्या वाट्याला सुमारे ४ कोटी ८६ लाख डॉलर आले. अमेरिकेत वकिलाचे शुल्कही सामान्यतः अशा रकमेतूनच दिले जात असल्यामुळे नोकरी गमावलेला मनुष्य खिशात पैसे नसतानाही तेथे वकील उभा करू शकतो.

हीच माहिती घेऊन देवासमधील एखादा रसायनशास्त्रज्ञ इंदूरच्या वकिलाकडे गेला, तर वकील त्याला काय सांगू शकेल? भारतात व्हिसलब्लोअर संरक्षण अधिनियम, २०१४ या नावाचा कायदा संसदेने मंजूर केला आहे आणि त्याला मे २०१४ मध्ये राष्ट्रपतींची संमतीही मिळाली आहे. परंतु केंद्र सरकारने अधिसूचना काढून नेमलेल्या दिवशी तो लागू होईल असे त्याच्या पहिल्याच कलमात म्हटले आहे, आणि तो दिवस अद्याप नेमला गेलेला नाही. उलट २०१५ मध्ये लोकसभेने एक दुरुस्ती विधेयक संमत केले, ज्यात सुरक्षा, व्यापारी गुपिते अशा दहा प्रकारची माहिती उघड करण्यास मज्जाव करण्याचा प्रस्ताव होता. ते विधेयक पुढे व्यपगत झाले. शिवाय हा कायदा लागू झाला असता तरी देवासच्या त्या रसायनशास्त्रज्ञाला त्याचा फारसा उपयोग झाला नसता, कारण तो लोकसेवकांच्या भ्रष्टाचाराविषयी व अधिकारांच्या दुरुपयोगाविषयी आहे, खासगी कंपनीने ग्राहकाच्या केलेल्या फसवणुकीविषयी नाही. खासगी क्षेत्रासाठी कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम १७७ मध्ये दक्षता यंत्रणेची तरतूद आहे, परंतु त्या यंत्रणेतील तक्रार शेवटी कंपनीच्याच लेखापरीक्षण समितीकडे जाते. रॅनबॅक्सीच्या प्रकरणात संचालकांना सारे आधीच कळले होते, हे लक्षात घेतले तर या तरतुदीचे मोल किती, ते वेगळे सांगावे लागत नाही. ठाकूर यांनी २०१६ मध्ये भारतातील औषध नियंत्रणातील त्रुटींविषयी सर्वोच्च न्यायालयात दोन जनहित याचिका केल्या, पण त्या सुनावणीस घेण्यास न्यायालयाने नकार दिला.

सरकारी क्षेत्रापुरती एक जुनी व्यवस्था अस्तित्वात आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातील गैरव्यवहाराविषयी पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिणारे अभियंते सत्येंद्र दुबे यांची २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे हत्या झाली. आपले नाव गुप्त ठेवावे, अशी विनंती त्यांनी केली होती. त्या हत्येनंतर देशभर उमटलेल्या संतापामुळे एप्रिल २००४ मध्ये केंद्र सरकारने एक ठराव काढला आणि केंद्रीय सरकार व त्याच्या उपक्रमांतील गैरव्यवहाराच्या तक्रारी नाव गुप्त राखून स्वीकारण्याचे काम केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोपवले. देवास येथील नोटा छापणाऱ्या बँक नोट प्रेससारख्या केंद्रीय आस्थापनेतील कर्मचाऱ्याला हा मार्ग खुला आहे. राज्य सरकारच्या नोकराला मात्र तो नाही, आणि येथे धारचे प्रकरण सुरू होते.

मध्य प्रदेश व्यावसायिक परीक्षा मंडळ, म्हणजेच व्यापमं, वैद्यकीय प्रवेशाच्या आणि सरकारी नोकरभरतीच्या परीक्षा घेत असे. उमेदवाराच्या जागी दुसऱ्यालाच बसवणे, उत्तरपत्रिकेतील खुणा नंतर भरणे असे प्रकार त्यात वर्षानुवर्षे चालले होते. जुलै २०१३ मध्ये इंदूर पोलिसांच्या कारवाईनंतर या घोटाळ्याची व्याप्ती दिसू लागली. ९ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तपास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे सोपवला आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये ६३४ विद्यार्थ्यांचे वैद्यकीय प्रवेश रद्द ठरवले. हे प्रकरण लावून धरणाऱ्यांपैकी एक होते इंदूरमधील शासकीय डॉक्टर आनंद राय. तपास केंद्राकडे गेला त्याच जुलै महिन्यात त्यांची धार जिल्ह्यात बदली झाली. इंदूरपासून धार काही तासांच्याही वाटेवर नाही. परंतु बदलीचा परिणाम अंतरावर ठरत नाही, ज्या शहरात माहिती, साक्षीदार, कुटुंब आणि वकील आहेत तेथून माणसाला हलवण्यातच तो असतो. या आदेशाला उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि पुढे सरकारने तो मागे घेतला.

अशा वेळी वकिलासमोरची अडचण अशी असते की बदली हा नोकरीचा नेहमीचा भाग मानला जातो आणि न्यायालये त्यात सहसा हात घालत नाहीत. म्हणून राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली रिट याचिका करताना, म्हणजे उच्च न्यायालयाकडे सरकारला थेट आदेश देण्याची मागणी करताना, आदेशाचा खरा हेतू शिक्षा करण्याचा होता हे वकिलाला दाखवावे लागते. या कामी ‘सोमेश तिवारी विरुद्ध भारत सरकार’ हा निकाल मोलाचा आहे. भोपाळमधील या अबकारी अधिकाऱ्याला एका निनावी तक्रारीवरून शिलाँगला पाठवण्यात आले होते, आणि शिक्षेऐवजी केलेली बदली टिकू शकत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. तथापि हेतू सिद्ध करायचा तर तारखा हव्यात : तक्रार कधी केली, ती कोणाला मिळाली, आदेश कधी निघाला, त्याच पदावरील इतरांना कधी हलवले. जागल्याचा चांगला वकील पहिल्या भेटीतच अशी तारीखवार नोंद लिहून घेतो. ती नसेल तर पुढचा सारा युक्तिवाद अधांतरी राहतो. बदलीनंतर निलंबन, विभागीय चौकशी आणि काही वेळा फौजदारी गुन्हा असाही क्रम येऊ शकतो. राय यांना नोव्हेंबर २०२२ मध्ये रतलाम जिल्ह्यातील एका वेगळ्या प्रकरणात अटक झाली, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये त्यांना सर्वोच्च न्यायालयातून जामीन मिळवावा लागला. म्हणजे सेवाविषयक कायद्याचा जाणकार म्हणून सुरुवात करणाऱ्या वकिलाला फौजदारी बचावही यावा लागतो.

कागदपत्रांचा प्रश्न याहून नाजूक आहे. आतल्या माणसाने आणलेला कागद बहुधा परवानगीशिवाय आणलेला असतो, आणि तो चोरीचा आहे हा प्रतिपक्षाचा पहिला आक्षेप असतो. राफेल विमान खरेदीच्या प्रकरणात केंद्र सरकारने हाच आक्षेप घेतला होता. १० एप्रिल २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. पुरावा प्रकरणाशी सुसंगत असेल, तर तो कसा मिळाला एवढ्याच कारणाने बाजूला ठेवता येत नाही, हे तत्त्व भारतीय न्यायालयांनी पूर्वीपासून मानले आहे. मात्र कागद न्यायालयात चालतो म्हणून तो आणणारा मनुष्य सुरक्षित होतो असे नाही, आणि हा भेद अशिलाला वेळीच समजावून देणे हे वकिलाचे कर्तव्य आहे. संगणकीय नोंदींसाठी तर वेगळी शिस्त लागते. जालना विधानसभा निवडणुकीच्या वादातून उद्भवलेल्या ‘अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ या प्रकरणात २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र अनिवार्य ठरवले. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार त्यात हॅश मूल्यही नोंदवावे लागते. हॅश मूल्य म्हणजे फाइलच्या मजकुरावरून संगणकाने काढलेली अक्षरे व आकड्यांची ओळ. फाइलमध्ये एका अक्षराचा फरक पडला तरी ती बदलते. व्यापमं प्रकरणात एका एक्सेल यादीची कोणती प्रत खरी यावरून झालेला दीर्घ वाद पाहिला की ही तांत्रिक वाटणारी गोष्ट किती निर्णायक आहे ते कळते.

माहिती कोणी दिली हे न सांगण्याची पाळी कधी कधी वकिलावरच येते. केंद्रीय अन्वेषण विभागाचे तत्कालीन संचालक रणजित सिन्हा यांच्या निवासस्थानी येणाऱ्यांची नोंदवही वकील प्रशांत भूषण यांनी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आणली. न्यायालयाने ती देणाऱ्याचे नाव मोहोरबंद लिफाफ्यात मागितले, तेव्हा माहिती देणाऱ्याचा जीव धोक्यात येईल असे सांगून भूषण जिची बाजू मांडत होते त्या याचिकाकर्त्या संस्थेने नकार दिला. नोव्हेंबर २०१४ मध्ये न्यायालयाने नावाचा तो आदेश परत घेतला आणि सिन्हा यांना टू-जी स्पेक्ट्रम घोटाळ्याच्या तपासापासून दूर राहण्यास सांगितले. सर्वोच्च न्यायालयासमोर ‘नाही’ म्हणणे ही साधी गोष्ट नव्हे. या व्यवसायात वकिलाची खरी पारख अशा क्षणी होते. अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट उघड करता येत नाही, हे संरक्षण पूर्वी १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि आता नव्या अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये आहे. पुढे करावयाच्या बेकायदा कृत्यासाठी झालेला संवाद मात्र त्याच्या बाहेर राहतो.

या क्षेत्रात उतरू पाहणाऱ्या तरुणाला हेही माहीत हवे की भारतात यासाठी वेगळी पदवी वा सनद नाही. कायद्याची पदवी, राज्य वकील परिषदेकडे नोंदणी आणि अखिल भारतीय परीक्षा हाच मार्ग आहे. निकालावर किंवा वसुलीच्या हिश्श्यावर शुल्क ठरवण्यास भारतीय वकील परिषदेच्या नियमांनुसार मनाई असल्याने बिएटो यांच्यासारखी कारकीर्द येथे आर्थिकदृष्ट्या उभी राहू शकत नाही, आणि बहुतेकांना इतर कामांतून घर चालवून ही प्रकरणे घ्यावी लागतात. माहिती देणाऱ्यासाठी मात्र रोखे बाजारापुरती एक सोय आहे : गोपनीय माहितीच्या आधारे शेअर्सचे व्यवहार करणाऱ्यांविषयी बाजार नियामक सेबीला माहिती देणाऱ्यास डिसेंबर २०१९ पासून बक्षीस मिळू शकते आणि ही माहिती वकिलामार्फत, स्वतःचे नाव मागे ठेवून देता येते. जी सोय शेअर बाजारासाठी शक्य झाली ती औषधांसाठी आणि परीक्षांसाठी नसावी, याचे समर्थन करता येणार नाही. २०१४ चा कायदा त्वरित लागू व्हावा आणि त्याची कक्षा खासगी कारखान्यांपर्यंत वाढावी, ही मागणी लोकप्रतिनिधींकडे सातत्याने जायला हवी.

तोपर्यंत धार जिल्ह्यातील पीथमपूर किंवा देवासच्या कारखान्यातील कामगाराने, धारच्या आदिवासी पाड्यावरील आरोग्य कर्मचाऱ्याने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. विधिसेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा विधिसेवा प्राधिकरण असून १५१०० या क्रमांकावरही मदत मागता येते. गैरव्यवहाराविषयीचे पहिले पत्र पाठवण्याआधीच वकिलाला भेटावे. पत्र गेल्यानंतर त्याच्या हाती उरणारे मार्ग फार थोडे असतात.