ब्रिटनचं ‘दिवाळं’ खरंच निघालं होतं का?

१९७० च्या दशकातल्या ब्रिटनची गोष्ट बहुतेकदा अशी सांगितली जाते: मजूर पक्षाने कामगार संघटनांचे लाड केले, महागाई भडकली, देशाचं दिवाळं निघालं, नाणेनिधीपुढे हात पसरावे लागले आणि मग थॅचरबाईंनी गाडं रुळावर आणलं. तारखा आणि आकडे समोर ठेवले की यातलं बरंचसं टिकत नाही.

महागाईचंच घ्या. ऑगस्ट १९७५ मध्ये ती २७ टक्क्यांच्या आसपास गेली आणि तेव्हा मजूर पक्षाचं सरकार होतं, हे खरं. पण तिचं सरपण आधीच रचलेलं होतं. हीथ यांच्या हुजूर सरकारने १९७१ मध्ये बँकांच्या कर्जवाटपावरचे निर्बंध सैल केले, १९७२ मध्ये भरघोस करकपात केली. १९७३ च्या अखेरीस तेल कडाडलं. त्यात हीथ यांनीच नियम करून ठेवला होता की किमती ठरावीक मर्यादेपलीकडे गेल्या की दर टक्क्यामागे आठवड्याला ४० पेन्स पगारवाढ. वीज वाचवण्यासाठीचा ‘तीन दिवसांचा आठवडा’ही त्यांच्याच काळातला, १९७४ च्या सुरुवातीचा. मजूर सरकारचा दोष वेगळा आहे: पहिलं वर्षभर त्याने पगार आणि सरकारी खर्च दोन्ही मोकळे सोडले.

आता ते ‘दिवाळं’. मार्च १९७६ मध्ये पौंड दोन डॉलरच्या खाली घसरला. जूनमध्ये इतर देशांच्या मध्यवर्ती बँकांनी ५.३ अब्ज डॉलरची तात्पुरती सोय करून दिली, ती डिसेंबरपर्यंत फेडायची होती. सप्टेंबरच्या अखेरीस अर्थमंत्री डेनिस हीली हीथ्रो विमानतळावरून परदेशी बैठकीला न जाता माघारी फिरले आणि नाणेनिधीकडे ३.९ अब्ज डॉलर मागितले. तोवर कोणत्याच देशाने एवढं कर्ज मागितलं नव्हतं. पण तुटवडा होता डॉलरचा. सरकारची देणी मुख्यतः पौंडातच होती आणि ती थकली नव्हती.

कर्जाच्या अटीपायी सरकारी खर्चात कपात किती करायची, यावरून मंत्रिमंडळात आठवडेच्या आठवडे खल झाला. एवढ्या कपातीची गरजच नाही, असं परराष्ट्रमंत्री क्रॉसलंड सांगत होते. शेवटी दोन वर्षांत मिळून अडीच अब्ज पौंडांची कपात ठरली, शिवाय ब्रिटिश पेट्रोलियमचे शेअर विकायचे ठरले. त्यामागचा अंदाज असा होता की १९७७-७८ मध्ये सरकारला साडेदहा अब्ज पौंड उसने घ्यावे लागतील. प्रत्यक्षात लागले सुमारे साडेपाच अब्ज. कपात आणि शेअरविक्री जमेस धरली तरी एवढा फरक निघत नाही. अंदाज बरोबर असता तर नाणेनिधीकडे जावंच लागलं नसतं, असं हीली यांनी पुढे लिहिलं. मंजूर कर्जातली निम्मीच रक्कम उचलली गेली. एका चुकीच्या आकड्यापायी शाळा, घरं, रुग्णालयं यांच्या तरतुदींना कात्री लागली, याची हळहळ मला आजही वाटते.

पैशाच्या पुरवठ्याला लगाम घालण्याची सुरुवात थॅचरबाईंनी केली, हाही गैरसमजच. हीली यांनी जुलै १९७६ मध्येच त्याची मर्यादा जाहीर केली होती. १९७८ च्या मध्यापर्यंत महागाई आठ टक्क्यांच्या खाली आली. उलट थॅचर सरकारने विक्रीकर ८ वरून १५ टक्क्यांवर नेल्यावर मे १९८० मध्ये ती पुन्हा २२ टक्क्यांच्या घरात पोचली. संपांचंही तसंच. १९७९ मध्ये संपांमुळे बुडालेल्या सुमारे तीन कोटी कामदिवसांपैकी निम्म्याहून अधिक बुडाले ते त्या उन्हाळ्यातल्या इंजिनिअरिंग कामगारांच्या संपात, म्हणजे थॅचरबाई सत्तेवर आल्यानंतर. आणि ‘संकट? कसलं संकट?’ हे थॅचरबाईंच्या आधीचे मजूर पंतप्रधान कॅलहान यांच्या तोंडी घातलेलं वाक्य ‘द सन’चा मथळा होता. ते तसं कधीच बोलले नव्हते.

त्यांची खरी चूक १९७८ च्या उन्हाळ्यातली. महागाई आठ टक्क्यांच्या आसपास असताना त्यांनी पगारवाढीवर पाच टक्क्यांची मर्यादा घातली. तीन वर्षं पोटाला चिमटा घेतलेल्या कामगारांना हे पटवणं संघटनांच्या नेत्यांच्याही हातात उरलं नव्हतं. फोर्डच्या कामगारांनी संप करून १७ टक्के पदरात पाडून घेतले. मग ट्रकचालक, रुग्णालयांतले सेवक, लिव्हरपूलमधले कबरी खोदणारे असे एकेक करून सगळेच रस्त्यावर उतरले.