न्यायाधीशाची निवडणूक आणि सरपंचाचा हिशोब

मागच्या भागानंतर कारंज्याहून एका श्रोत्यानं विचारलं, "भाऊ, अमेरिकेत म्हणे न्यायाधीश निवडून येतात. मग प्रचाराला पैसा कोण देतं? आणि आपल्याकडं तसं का नाही?" आजचा भाग त्यावरच.

तिथल्या बऱ्याच राज्यांत न्यायाधीशपदासाठी खरंच मतदान होतं. मतदान आलं की जाहिराती आल्या, देणग्या आल्या. एक प्रकरण सांगतो. वेस्ट व्हर्जिनियात मॅसी या कोळसा कंपनीनं सुमारे ५ कोटी डॉलर भरपाई द्यावी, असा निकाल लागला होता. अपील अजून व्हायचं होतं. तेवढ्यात, २००४ मध्ये, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाची निवडणूक आली. कंपनीचे प्रमुख डॉन ब्लँकेनशिप यांनी ब्रेंट बेंजामिन यांच्यासाठी सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले. बेंजामिन जिंकले, तेच अपील ऐकायला बसले आणि ३ विरुद्ध २ मतांनी कंपनी सुटली. २००९ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की बेंजामिन यांनी या खटल्यातून बाजूला व्हायला हवं होतं. लाच कुणी सिद्ध केली नव्हती. पण हरलेल्या माणसाचा कोर्टावर विश्वास कसा राहणार, सांगा.

आपल्या वाशिमच्या कोर्टात असं होत नाही. कनिष्ठ स्तराचे दिवाणी न्यायाधीश एमपीएससीची परीक्षा देऊन येतात. जिल्हा न्यायाधीशांना राज्यपाल नेमतात, तेही उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून. मतं मागायची नाहीत, म्हणून देणगीदाराचे उपकारही नाहीत.

मग निवडणुकीचा पैसा आपल्या दारात कुठं येतो? ग्रामपंचायतीत. २०१७ मध्ये राज्य निवडणूक आयोगानं थेट सरपंचासाठी मर्यादा ठरवली. ७ ते ९ सदस्यांच्या गावात ५० हजार, ११ ते १३ ला १ लाख, १५ ते १७ ला १ लाख ७५ हजार. सदस्यांसाठी याच क्रमानं २५, ३५ आणि ५० हजार.

आता खरी मेख ऐका. निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशोब द्यावा लागतो, आणि तो हरलेल्यालाही द्यावा लागतो. "पडलो, आता कशाचा हिशोब?" असं म्हणून बरेच जण गप्प बसतात. ग्रामपंचायत कायद्याच्या कलम १४ ब नुसार योग्य कारणाशिवाय हिशोब दिला नाही तर पाच वर्षं अपात्रता येऊ शकते. ही अपात्रता काढण्याचा किंवा तिचा काळ कमी करण्याचा अधिकारही आयोगाला आहे. म्हणून उशीर झाला असेल तर कारण लेखी द्या, पुरावा जोडा.

अशा प्रकरणांत निर्णय बहुधा जिल्हाधिकारी देतात. तेही निवडून आलेले नसतात, आणि माझ्या मते ते बरंच आहे. ज्यानं निवाडा करायचा, त्याच्यावर कुणाच्या प्रचाराच्या पैशाचं ओझं नको.

तेव्हा गावात कुणी उभं राहणार असेल, तर त्याला आजच सांगा: चहाची, पत्रकांची, गाडीची पावती जपून ठेव, आणि हिशोब दिल्याची पोच घे. भेटू पुढच्या भागात.